सर, सध्या तुम्ही काय वाचताय?

गेल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरची गोष्ट. डॉ. कलामांची जयंती, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. दरवर्षीसारखा एका शाळेत कार्यक्रमाला गेलो होतो. फोटोला हार, दीपप्रज्वलन, मान्यवरांचं मनोगत, मग मुलांच्या हातात पुस्तकं देऊन एक ग्रुप फोटो. २०१५ पासून हा दिवस सुरू झाला, तेव्हापासून मी ही बातमी लिहितोय. खरं सांगायचं तर आता लिहीतही नाही. मागच्या वर्षीची उघडतो, पाहुण्यांची नावं बदलतो आणि पाठवतो. मथळाही ठरलेला : 'वाचन प्रेरणा दिन उत्साहात'.

कार्यक्रम संपला. चहा घेत होतो. नववीतली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही पत्रकार ना? सध्या तुम्ही काय वाचताय?"

मी म्हटलं, "शेतकऱ्याचा असूड. महात्मा फुल्यांचं."

"त्यात काय आहे सर?"

"शेतकऱ्यांच्या व्यथा आहेत बेटा."

"म्हणजे कोणत्या?"

मी खिशातून मोबाईल काढला. वाजला नव्हता. तरी कानाला लावला आणि "हां बोला साहेब" म्हणत बाहेर निघून गेलो.

मंडळी, हे इथं लिहायला चार महिने लागले. त्या पोरीशी मी खोटं बोललो होतो. 'असूड' मी वाचलंच नव्हतं. डिप्लोमा करताना त्यावर दीड पानाची नोट होती, ती परीक्षेपुरती पाठ केली होती. बस.

बरं, मी वाचत नाही असंही नाही. दिवसभर वाचतोच. व्हॉट्सॲपचे ग्रुप, पोलिसांची प्रेसनोट, नगरपरिषदेच्या निविदा, नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींचा मजकूर. मोबाईलनंच एकदा दाखवलं, रोजचे पाच तास चाळीस मिनिटं. पण रात्री झोपताना कुणी विचारलं की आज काय वाचलंस, तर एक वाक्य सांगता येत नाही.

त्या रात्री घरी आलो आणि एक पिशवी शोधली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या वर्ध्यात ९६वं साहित्य संमेलन झालं. विद्रोही संमेलनही त्याच वेळी वर्ध्यातच होतं. मी दोन्हीकडे पळत होतो, बातम्या देत होतो, आणि येताना पिशवीभर पुस्तकं घेऊन आलो होतो. सोबत सेल्फीही टाकला होता, तुमच्यापैकी दोनशे जणांनी लाईक केला होता. पिशवी दिवाणाखाली सापडली. गाठ सुटलेली नव्हती. 'असूड' त्यातच होतं.

तर या चार महिन्यांत जे वाचलं ते सांगतो. मोठी यादी नाही. चारच पुस्तकं.

पहिलं, 'शेतकऱ्याचा असूड'

पुस्तक १८८३ चं. छोटंसं, पाच प्रकरणांचं. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं दगडासारखी लागतात. मग एक लय सापडते. आपल्याकडं प्रत्येक भाषणात विद्या आणि मतीच्या ज्या ओळी म्हटल्या जातात, त्या याच पुस्तकाच्या सुरुवातीला आहेत. गंमत अशी की त्या ओळी सगळ्यांना पाठ, आणि त्यापुढचं पान कुणी उलटलेलं नाही. मीही नव्हतं.

मला वाटत होतं, रडगाणं असेल. तसं नाहीये. हा माणूस बारीक पाहणारा आहे. धर्माच्या नावावर जन्मापासून मरेपर्यंत कुणब्याकडून कसं काढलं जातं, गोरा साहेब ऐषआरामात कसा असतो आणि त्याच्या हाताखालचा कामगार कसा लुटतो, कचेरीतून हात हलवत परत आलेल्या शेतकऱ्याच्या घरात त्या दिवशी काय वातावरण असतं, हे सगळं त्यात आहे. आणि शेवटच्या प्रकरणात उपाय आहेत. पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून बांध घाला, तलाव-धरणं करा, जनावरं वाढवा, शेतीची प्रदर्शनं भरवून बक्षिसं द्या, शेतकऱ्यांची पोरं शिकवा. जलयुक्त शिवारच्या उद्घाटनाच्या मी कितीतरी बातम्या दिल्या. ही कल्पना १८८३ मध्ये लिहून ठेवलेली आहे, हे एकाही बातमीत लिहिलं नाही. माहीतच नव्हतं तर लिहिणार कुठून?

आणखी एक गोष्ट पत्रकार म्हणून लागली. या पुस्तकाचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त छापून आले आणि पुढचे थांबले. 'दीनबंधू' म्हणजे काही विरोधकांचं पत्र नव्हे, चळवळीतलंच. संपादक नारायण मेघाजी लोखंडे, फुल्यांचे सहकारी. तरी पुढचे भाग छापायची हिंमत झाली नाही. पूर्ण पुस्तक फुल्यांच्या हयातीत छापून आलंच नाही. वीस वर्षांत माझ्याही हातून अशा काही बातम्या थांबल्या आहेत. कोणत्या ते मला माहीत आहे, तुमच्यापैकी काहींनाही माहीत आहे. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही.

दुसरं, कापसाचं

नोव्हेंबरमध्ये बाजार समितीत गेलो होतो. कापसाच्या गाड्यांची रांग. मध्यम धाग्याचा हमीभाव ७७१०, लांब धाग्याचा ८११०. बाहेर व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. सीसीआयला द्यायचा तर आधी ॲपवर नोंदणी, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. एक शेतकरी दादा गाडीच्या सावलीत बसले होते. म्हणाले, "भाऊ, तुमी पेपरवाले ना? मले एक सांगा. अमेरिकेनं आपल्या मालावर टॅक्स लावला म्हन्तेत. मंग आपल्या सरकारनं तिकडच्या कापसाचा टॅक्स काऊन काढला?"

मी जे माहीत होतं ते सांगितलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं ५० टक्के शुल्क लावलं. कापड गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून इथं कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होतं, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं.

ते म्हणाले, "ते झालं जी. पन आमच्या वावरातल्या बोंडाचा न् अमेरिकेचा संबंध कवापासून हाय?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. बातमी दीडशे शब्दांची लागली, त्यात हा प्रश्न नव्हता.

पुण्यात असलेल्या भाच्याला फोनवर सहज सांगितलं, तर त्यानं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. स्वेन बेकर्ट नावाच्या इतिहासकाराचं 'एम्पायर ऑफ कॉटन', २०१४ चं. चांगलं जाडजूड आहे. माझं इंग्रजी प्रेसनोटपुरतं. एका हातात पुस्तक, एका हातात मोबाईलवरचा शब्दकोश. रोज पाच-सहा पानं. दोन महिने लागले, आणि मधली काही प्रकरणं सोडली हेही सांगून टाकतो.

पण दादांचं उत्तर मिळालं. संबंध किमान १८६१ पासूनचा आहे. तिकडं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग इंग्रजांची नजर आपल्याकडं वळली. भाव चढले. कापसासाठी रेल्वे आली, १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा झाला तोही याच काळात, १८६२ मध्ये. पुस्तकात आपलं वऱ्हाड आहे, खामगाव आहे, कापसासाठी खास नेमलेला रिव्हेट-कारनॅक नावाचा कमिशनर आहे. आणि १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबल्यावर भाव कोसळले. भाव चढताना ज्यांनी कर्ज घेतलं होतं ते अडकले. तोवर ज्वारीच्या वावरात कापूस आला होता. पुढं दुष्काळ पडले तेव्हा कापूस खाता येत नव्हता आणि धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता.

या सगळ्यात आपलं गाव कुठं होतं? एकदम मध्यभागी. त्या काळात 'हिंगणघाट' हे कापसाच्या एका प्रतीचं नाव होतं. लिव्हरपूलच्या बाजारात या नावानं भाव निघायचा. इथला देशी बणी कापूस देशातल्या चांगल्यांत गणला जायचा. मी हिंगणघाटात वाढलो, कापसाच्या पट्ट्यात पत्रकारिता करतो, आणि हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

दादांना पुन्हा शोधायला गेलो होतो. भेटले नाहीत. गाव विचारायचं राहून गेलं होतं. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली तर बरं होईल.

तिसरं, एका साहेबाचं

या कापसाच्या पुस्तकानं एक खोड लागली. इंग्रजी पुस्तक हातात आलं की आधी शेवटची सूची उघडायची आणि 'ह' मध्ये आपलं गाव आहे का पाहायचं. भाच्याला हे सांगितलं तर तो हसला, म्हणाला, "मामा, मग तुम्हाला 'द ग्रेट आर्क' पाठवतो." जॉन के यांचं, २०००चं पुस्तक.

हे मात्र आठवड्यात संपवलं. गोष्ट हिंदुस्थान मोजण्याची आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन नावाचा माणूस १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासला मोजणी सुरू करतो. आधी एक सरळ रेषा अगदी काटेकोर मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या उंच ठिकाणाचा कोन घ्यायचा, त्रिकोण पूर्ण झाला की त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिणेतून उत्तरेकडं यायचं. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. आपल्या भाषेत सांगायचं तर कापसाच्या तीन गाठींच्या वजनाचं. ते टेकड्यांवर, देवळांच्या शिखरांवर चढवायचं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र मोडलं. लॅम्बटननं ते स्वतः बसून दुरुस्त केलं आणि कामाला लागला. वीस वर्षं हेच केलं.

वय सत्तरीच्या आसपास. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवायला निघाला होता. वाटेत २० जानेवारी १८२३ रोजी वारला. कुठं? हिंगणघाटात. त्याची कबर आपल्या गावात आहे.

त्याच्या नंतर काम हातात घेतलं त्याच्या सहायकानं. त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. हो, तोच. त्या मोजणीतूनच पुढं हिमालयाची शिखरं मोजली गेली. सगळ्यात उंच शिखराचं गणित १८५२ मध्ये बंगालच्या राधानाथ सिकदार यांनी केलं आणि १८६५ मध्ये नाव लागलं एव्हरेस्टचं. हिशेब करणाऱ्याचं नाव मागं राहिलं, ती वेगळी गोष्ट.

मी तारीख पुन्हा वाचली. २० जानेवारी १८२३. म्हणजे २० जानेवारी २०२३ ला दोनशे वर्षं झाली होती. संमेलनाच्या दोनच आठवडे आधी. त्या दिवशी मी काय बातमी दिली होती ते जुन्या मेलमध्ये शोधलं. रस्त्यातले खड्डे. बातमी खोटी नव्हती, खड्डे होतेच. पण दोनशे वर्षांनी एकदा येणारी तारीख माझ्या गावात आली आणि गेली, आणि मी एक ओळ लिहिली नाही.

कुणी म्हणेल, इंग्रज होता, मोजणी आपल्या भल्यासाठी थोडीच केली? बरोबर आहे. सारा वसूल करायला, फौज हलवायला नकाशा लागतोच. पण ते वाद घालायलाही आधी माहीत तर पाहिजे.

चौथं, 'धग'

हे पुस्तक आमच्या घरातच होतं.

माझे बाबा गावातल्या एका मिलमध्ये होते. शिक्षण सातवी. पण तिसऱ्या पाळीहून आले की झोपायच्या आधी पेपर वाचायचे, आणि सुट्टीच्या दिवशी चहाच्या टपरीवर चार जणांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी या धंद्यात आलो ते त्यामुळंच. ते गेले त्याला आता बारा वर्षं झाली. डिसेंबरमध्ये आईनं त्यांची लोखंडी पेटी रंगवायला काढली. खाली, मिलच्या जुन्या कागदांच्या पाकिटाखाली, उद्धव शेळक्यांची 'धग'. आत वाचनालयाचा जांभळा शिक्का. परत करायची तारीख १९९४ ची.

'धग' १९६० ची कादंबरी. कौतिक नावाची बाई, तिचा शिंपीकाम करणारा नवरा महादेव, पोरं आणि गरिबी. माणसं बोलतात ती आपली वऱ्हाडी. आईला वाचता येत नाही. संध्याकाळी तिच्याजवळ बसून मोठ्यानं वाचायला लागलो. पहिल्या दिवशी ती हसत होती, "हे तं आपल्यासारखंच बोल्तेत!" तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कोनाची पोरगी होय ही कौतिक? कोन्या गावची?" मी म्हटलं, आई, गोष्ट आहे ही. ती म्हणाली, "गोष्ट कायची बाप्पा? अशी होती एक आमच्या शेजारी." मग तिनं त्या शेजारणीचं सगळं सांगितलं. त्या सांगण्यात हळूहळू तिचं स्वतःचं आलं. मिल बंद होती त्या महिन्यांत घरात काय शिजत होतं, काय शिजत नव्हतं. मी त्याच घरात होतो, शाळेत जात होतो, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. चाळिशीतल्या पत्रकाराला आपल्याच आईची मुलाखत घ्यायला एक कादंबरी लागली.

शेवट आईला वाचून दाखवला नाही. ती रोज विचारते, पुढं काय झालं. मी म्हणतो, वाचतोय.

मग वाचनालयात गेलो

पुस्तक परत करायला. मनात तीस वर्षांच्या दंडाचा हिशेब करत होतो. तिथले काका आता साठीचे. त्यांनी शिक्का पाहिला, कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत गेले आणि थांबले. नावापुढं लाल शाईनं लिहिलं होतं, 'हरवले'. म्हणाले, "दंड राहू द्या. पण आमच्याकडं ही एकच प्रत होती."

म्हणजे तीस वर्षं या वाचनालयात कुणी 'धग' मागायला आलं तर नाही म्हणावं लागलं, कारण ती आमच्या पेटीत होती. आणि आमच्याही घरात ती कुणी वाचत नव्हतं.

काकांशी बोलत बसलो. वाचनालयात गर्दी होती, पण अभ्यासिकेत. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. पोरं सकाळी सातला येतात आणि रात्री जातात. मी त्यांना नावं ठेवणार नाही. नोकरी नसलेल्या घरात काय होतं ते मी आईकडून नुकतंच ऐकलंय. पण कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाची किल्ली दिवसात एकदाही फिरत नाही, हे काकांचंच वाक्य. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्याप्रमाणं अनुदान मिळतं. त्यातच पुस्तकं, त्यातच वीजबिल, त्यातच काकांचं मानधन. ते मानधन किती, ते विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला आणि लगेच म्हणाले, "छापू नका." छापत नाही. पण या विषयावर बातमी करणार आहे, हाराच्या फोटोशिवाय.

आता त्या मुलीचं राहिलं.

२६ जानेवारीच्या झेंडावंदनाला त्याच शाळेत गेलो. कार्यक्रमानंतर तिला शोधलं. म्हटलं, "बेटा, तू मला विचारलं होतंस 'असूड'मध्ये काय आहे." आणि तिथंच पटांगणात दहा मिनिटं सांगितलं. बांधाचं, तलावाचं, कचेरीतून परत आलेल्या शेतकऱ्याचं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "सर, म्हणजे तेव्हा तुम्ही वाचलं नव्हतं ना?"

"नाही."

"मला वाटलंच होतं. फोन वाजला नव्हता."

पुस्तक तिला देऊन आलो. माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत त्यात. म्हटलं, परत दे, आणि वेळेवर दे.

आता हातात सदानंद देशमुखांचं 'बारोमास' आहे. वीस वर्षांपूर्वी वाचलं होतं. तेव्हा शिकून बेकार बसलेला एकनाथ माझ्या वयाचा वाटला होता. आता तो अभ्यासिकेतल्या पोरांसारखा वाटतोय. बाजूला चंद्रकांत वानखडेंचं 'गांधी का मरत नाही' ठेवलंय. संमेलनाच्या पिशवीत अजून सहा बाकी आहेत.

मोबाईल सुटला असं समजू नका. ही पोस्टही त्यावरच लिहिली. पाच तास चाळीस मिनिटांचे चार तास झालेत, इतकंच.

तुम्ही सध्या काय वाचताय ते खाली लिहा. वाचत नसाल तर तेही लिहा, मी कुणाला हसायच्या लायकीचा नाही. आणि घरात एखादी जुनी पेटी असेल तर एकदा उघडून बघा. आत वाचनालयाचा शिक्का असलेलं काही सापडलं तर नेऊन द्या. काका दंड घेत नाहीत.